अकराव्या मिनिटाला

रेमशाइटमध्ये एक दंतवैद्य वारला.
त्याच्या जावयानं तळघर मला उक्तं विकलं:
चौदा खोकी, वर भिंतीवरचं घड्याळ फुकट.
तबकड्या बहुतेक लष्करी बँडच्या, नाताळच्या,
ओल खाल्लेल्या, हात लावला की बोटं काळी.
तेराव्या खोक्यात, दोन जाड ऑपेरांच्या मध्ये
ही उभी होती, अंग चोरून.

मुखपृष्ठावर पावाची लादी,
तिच्यावर आरशाचे तुकडे चिकटवलेले.
बँडचं नाव कोलवाइसलिंग,
कोबीच्या पानावर बसतं ते पांढरं फुलपाखरू.
साल एकोणऐंशी.
तीस वर्षं या धंद्यात आहे मी, नाव ऐकलेलं नाही.

गिटार आधी खेकसते, कुणी दार अडवल्यासारखी.
मग खालून ठेका येतो
धप, धप, धप,
न थकणारा, पण किंचित लंगडा:
दर चौथ्या ठोक्याला काहीतरी रेंगाळतं,
पायाला कळतं ते, कानाला नाही.
बाई गाते आमच्या डोंगरी उच्चारात
चुकलेल्या शेवटच्या बसबद्दल,
आणि मागे व्हायोलिनं अशी चढतात
की बस चुकली हे बरंच झालं वाटावं.

माझ्या दुकानात रॉक डाव्या भिंतीला, डिस्को उजव्या.
तबकडी हातात धरून मी मधल्या मध्ये घुटमळलो.
गिऱ्हाईक म्हणालं, हरवलं का काही?

दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, सतरा मिनिटांचं.
अकराव्या मिनिटाला सगळे थांबतात,
नुसता ठेका उरतो,
आणि कुणीतरी शिंकतं.
मोठ्यानं. खरंखुरं.
आणि कुणीही ते काढून टाकलेलं नाही.

त्या शिंकेपायी मी तीन आठवडे घालवले.
पाठीवरचा पाच आकडी फोन केव्हाच मेलेला.
पानेक आडनावाची एकच नोंद सापडली,
ल्यूडेनशाइटमध्ये, श्रवणयंत्रांचं दुकान.
आता भाचा चालवतो.
मावशी वर राहते, म्हणाला, पण जिना चढा जोरात,
तिला पावलं ऐकू आली तरच दार उघडते.

रोसविथा पानेक, वय त्र्याहत्तर,
कानात स्वतःच्याच दुकानातली यंत्रं.
"उल्फच्या बापाची बेकरी होती," ती म्हणाली,
"रात्री आम्हाला तिथेच जागा.
कणीक मळायचं यंत्र बंद करायला म्हातारा तयार नाही,
सकाळी गावाला पाव कोण देणार?
मग आम्ही यंत्रालाच ढोलकीवाला केला.
माइक टांगला त्याच्यावर.
त्याच्या चाकाचा एक दात तुटलेला होता."

म्हणजे तो रेंगाळणारा चौथा ठोका.
मी काही बोललो नाही, नुसता पाय हलवला.

"रॉकवाले म्हणाले, ही नाचगाणी.
नाचणारे म्हणाले, गिटार टोचते.
आमची गत वटवाघळाची:
पाखरं म्हणत उंदीर, उंदीर म्हणत पाखरू.
चारशे काढल्या. तीनशे परत आल्या.
उल्फच्या बापानं त्या ट्रेखाली लावल्या,
ट्रे डुगडुगायचे."

मी बरोबर नेलेल्या पेटीवर सुई टेकवली.
ती खिडकीबाहेर बघत होती,
समोरच्या छतावर कुणी कौलं बदलत होतं.
ठेका आला. तिनं उजव्या कानाचं यंत्र
नखानं थोडं वाढवलं.
आठवं मिनिट. नववं.
दहाव्याला तिचा हात टेबलावर सपाट झाला,
पीठ चापटतात तसा.

मग ती शिंक.

"गेझुंडहाइट," ती म्हणाली.
सवयीनं, मान न वळवता,
शेजारी बसलेल्या माणसाला म्हणतात तसं.
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"एकार्ट," ती शेवटी म्हणाली. "बेस वाजवायचा.
पिठाचं वावडं त्याला, तरी रोज यायचा."
तो गेला. कधी, कसा, ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
गाणं आपलं पुढे चाललं होतं,
सहा मिनिटं शिल्लक होती.

निघताना तिनं विचारलं, किंमत काय लावणार?
मी म्हटलं, हिच्यासाठी लोक आता पाचशेही देतील.
"एक युरो लाव," ती म्हणाली,
"नाहीतर पुन्हा एखादा दंतवैद्यच घेऊन जाईल."