दुपार, रात्रपाळीला

गड्डमच्या कारखान्याच्या गच्चीवर
बावीस पॅनल चढले.
तेविसाव्याला जागा होती,
पण यंकव्वा विड्यांचं सूप घेऊन तिथंच बसली :
"माझ्या सांडग्यांना ऊन कुठलं?"
राहिली ती जागा.

बॅटऱ्या सुताच्या खोलीत.
तिथं अजून कांजीचा वास येतो.

रात्री नऊला गल्लीची लाईट गेली.
माग अडखळला,
आणि पुन्हा खडखड.
राजमल्लू टॉवेलवरून हात फिरवत म्हणाला,
"गरम लागतंय की."

लागणारच.
पूर्वभागानं दिवसभर शिव्या घातलेली दुपार
उभ्या-आडव्यात जातेय.

दारातल्या दिव्याखाली यंकव्वा पानं कापतेय.
तिला बॅटरीचं कौतुक नाही.
तिचं ऊन फडताळात,
बरणीत,
आषाढापर्यंत पुरेल इतकं.