एकतीस नंबरचा माणूस

घड्याळ माझ्या हातात असायचं, यादी बाईंच्या.
तुर्कू शहर, नदीकाठची दगडी इमारत, तिसरा मजला.
खालच्या बेकरीतला वेलदोड्याचा वास
कुठल्याच दाराला जुमानायचा नाही.
अहवालात आम्ही तो कधी लिहिला नाही.

वीस शब्द. शिडी, मीठ, घंटा, मावशी...
एकेका शब्दाला दोन सेकंद.
मग शंभरापासून तीन तीन वजा करत मागे या,
म्हणजे मनातल्या मनात उजळणीला उसंत नाही.
आता सांगा, काय राहिलं?

सात राहायचे. फार तर आठ.
पहिला आणि शेवटचा हाताला लागायचा,
मधले लग्नातल्या पाहुण्यांसारखे :
जेवून गेले खरे, पण कोण कोण ते विचारू नका.

केर्तू लाहदेन्सू, प्राध्यापक,
पस्तीस वर्षं विसरण्याच्या अभ्यासात.
"माणूस पहिल्या तासातच बहुतेक उधळून टाकतो," बाई म्हणायच्या,
"उरलेल्यावर मग जन्मभर कद्रूपणा."

एकतीस नंबर : ओन्नी वार्तियाला, गोदीतला वेल्डर.
वीसपैकी वीस.
वर्षाने बोलावला, यादी पुन्हा न ऐकवता. वीस.
पाच वर्षांनी, वीस.
आलेखाची रेघ घसरगुंडीसारखी खाली,
आणि हा एक ठिपका वर, एकटा, कावळा बसावा तसा.
परीक्षकांनी लिहिलं, काढून टाका.
बाईंनी काढला नाही.
पुस्तकात त्याच्यावर अख्खं प्रकरण लिहिलं.

निरोपसमारंभ मार्चमध्ये. नदीतला बर्फ कडकडत फुटत होता.
ओन्नी आला, न बोलावता, काठी टेकत.
केक घेतला नाही.
"त्या दिवशी नोव्हेंबर होता," तो म्हणाला,
"तीन वाजताच अंधार. तुमच्या मागच्या खिडकीचा आरसा झाला होता.
तुमच्या हातातली यादी त्यात दिसत होती. उलटी.
मी वाचली."

कुणीतरी पेला खाली ठेवला.

"मग पुढच्या वर्षी तुमचं पत्र आलं.
पकडलं जाऊ नये म्हणून रोज रात्री घोकत बसलो.
बायकोला वाटलं, उशिरा का होईना, देवाला लागला."

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मला वाटलं, ते प्रकरण. ती पस्तीस वर्षं.
मग त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या,
आणि अगदी त्याच कोरड्या आवाजात :
"आता सांगा, काय राहिलं?"

शिडी. मीठ. घंटा. मावशी.
माझा अंगठा सवयीने खिशातल्या घड्याळावर गेला.
बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते,
यादी त्यांनीच केलेली, एका रविवारी, स्वयंपाकघरात.
अकराव्यापर्यंत हलले.
तो पुढे निघून गेला, न अडखळता,
विसावा संपवून काठीकडे हात नेला,
तेव्हा त्यांनी त्याची बाही धरली.

"थांबा हो. बारावा कुठला म्हणालात?"