येऊर, रविवार

बंगल्यासाठी सपाट केलेला तुकडा,
बंगला झालाच नाही.
घाणेरी दोन पावसाळ्यांत डोक्यावर गेली.
हातमोजे घालून उपटतोय आम्ही;
मूळ अर्ध्यात तुटतं.

देवली दुमाडा हसते.
वाटेपलीकडे कारवी, खाली शेवळं, दिंडा,
कुड्याला टेकलेली मुरुडशेंग,
तिच्यावर गुळवेल. दगडसुद्धा रिकामा नाही.

"तिकडं कशी नाही गेली ही?"
"जाते की. बसाय जागा कोण देल?"

बुलबुल काळं फळ गिळून तिकडंच उडतो.
पाचोळ्यात एक रोप: दोन पानं, फिकट.
मी वाकतो.
"ऱ्हाऊ दे," देवली म्हणते,
"त्याला ऊन कुठं गावतंय.
कारवी फुलून वाळंल ना,
त्या साली ये.
कोयता घेऊन."