आता पुरे

पाडव्याच्या पहाटे, पिंपळपारावर,
तोडी संपवून मालिनी क्षेमकल्याणी म्हणाल्या,
‘आता पुरे.’
दोनच शब्द. माइक चालू होता.

त्याच क्षणी मोघ्यांचा पोरगा
थर्मासमधून त्यांच्या कपात काढा ओतत होता,
गोसावी हातोडीने तबला लावत होते,
आणि समोर सतरंज्यांवर, ओट्यांवर, आसपासच्या गच्च्यांवर
दीड हजार माणसं स्वेटर घालून बसली होती.
यातलं कुणाला म्हणाल्या बाई,
हे नाशकात अजून ठरायचंय.

डॉक्टर वैशंपायन सांगतात, काढ्यालाच.
घशाचे डॉक्टर आहेत, त्यांना बोलू द्यावं.

प्रेसमधून निवृत्त झालेले कातकाडे म्हणतात,
‘आयुष्यभर हाताखालून नोटा गेल्या,
खरं-खोटं आम्हाला कळतं. बाई थांबताहेत.’
आणि मिसळीचा दुसरा पाव परत करतात.
हे मी पहिल्यांदा पाहिलं.

भगूरच्या शकुंतला करंजकर पत्र लिहिताहेत.
चौथा खर्डा.
पहिल्यात विनवण्या होत्या,
दुसऱ्यात राग, की गाणं काय तुमच्या एकटीचं आहे?
तिसऱ्यात फक्त
मिस्टर गेले त्या वर्षी कुठली कॅसेट
फीत गुंडाळेपर्यंत वाजवली, त्याचा हिशोब.
चौथ्यात ‘सादर नमस्कार’च्या पुढे
अजून काही नाही.

पिंपळगावचे बोरस्ते मात्र हसतात.
‘छाटणीनंतर आमची बाग बघितलीय का कधी?
नुसत्या काड्या. नवख्याला वाटतं, गेली.’
हसतात, आणि मग विचारतात,
‘पण वय किती हो बाईंचं?’

मला विचारतात.
मी शिरसाठ. शिरसाठ साउंड, भद्रकाली.
सव्वीस पाडवे बाईंचा आवाज माझ्या बोटांतून गेलाय.

पाच वर्षांपूर्वी वरच्या सा-पाशी
आवाज पहिल्यांदा उंबऱ्याला ठेचकाळला
आणि माझं बोट आपोआप वर सरकलं.
केसभर.
थोडी धार, थोडा घुमारा.
सा लागला. लोक डोलले.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी दोन केस.
मग मीच रियाज करायला लागलो,
घरी, जुन्या रेकॉर्डिंगवर,
त्यांनी श्वास घ्यायच्या आत बोट तयार.
कुणाला कळलं नाही.
कातकाड्यांनासुद्धा.

यंदा पहाटे साडेचारला वायरी जोडत होतो,
तर बाई मागच्या बाजूने आल्या,
डोक्यावरून शाल, हातात स्वतःची बॅटरी.
मशीनवरची बटणं बघितली,
भाजी निवडताना बघतात तशी, एकेक.
म्हणाल्या,
‘शिरसाठ, आज माझ्यापेक्षा चांगलं गाऊ नका.’

मी हात मागे बांधून उभा राहिलो.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
मला हातांचं काय करायचं कळेना.

तोडीत वरचा सा आला.
आला म्हणजे, जवळ आला.
बाईंनी त्याच्याकडे पाहिलं,
गंगेच्या पलीकडच्या घाटावर
ओळखीचं माणूस दिसावं आणि हाक मारू नये, तसं.
आणि निषादावरून शांतपणे
पायऱ्या उतरल्या.

कुणीतरी ‘वा’ म्हणालं. एकच.
मशीनशिवाय ऐकू आली.

त्यानंतर ते दोन शब्द.

आता दुकानात रोज कोणी ना कोणी येतं.
‘तुम्ही सगळ्यांत जवळ होतात. कुणाला म्हणाल्या?’
मी झाळकाम करता करता सांगतो,
काढा फार गरम होता.
वैशंपायनांनी हे ऐकून पेढे धाडले.

पुढचा पाडवा मी वहीत लिहून ठेवलाय.
पेन्सिलीने.

काल हळदीच्या कार्यक्रमाला
तोच माइक मागायला पोरं आली होती.
जाळीला वेलदोड्याचा वास आहे अजून.
दुसरा दिला.