मसुदा

रात्री पावणेएकला येतो तो वास.
आधी ग्रिलमधून,
मग दोरीवरच्या शाळेच्या युनिफॉर्ममधून,
मग शर्वाच्या छातीतून,
बारीक शिट्टीसारखा,
जो आईबापांनाच ऐकू येतो.

मी उठतो. नेब्युलायझरची नळी जोडतो.
ती झोपेतच मास्कला गाल देते.
मग बाल्कनीत जाऊन खाली वाकतो:
नवव्या मजल्यावर एक लाल ठिपका
वर जातो, खाली येतो, थांबतो.
पलीकडे उलव्याचे सगळे टॉवर काळे,
आणि खाडीवर दिव्यांची एक रेघ.

सोसायटीच्या ॲपवर तक्रारींचे सात प्रकार.
गळती, लिफ्ट, पार्किंग, कुत्रा.
धुराला खाना नाही.
मी ‘इतर’ निवडलं.
‘फ्लॅट क्रमांक ९०२ मधील रहिवासी’
लिहिलं, खोडलं,
रहिवासीच्या जागी ‘इसम’ घातलं.
इसम बरा. इसमाला चेहरा नसतो.

फोटो जोडा, म्हणालं ॲप.
झूम केलं तर कठड्यावर टेकलेला कोपर,
मनगटात पाटली, पाटलीत अडकवलेली सेफ्टी पिन.
आणि सिगरेट नव्हतीच ती.
विडी.

धर्मीबाई घरत.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आमची इमारत आहे,
आणि प्लॉटच्याही आधी इथे तिचा भात होता,
असं वॉचमन सांगतो. ती कधीच नाही.
ती लिफ्टमध्ये बटणांकडे न बघता
‘नव दाब रं’ एवढंच म्हणते,
आणि माझ्या हप्त्यांची अजून सोळा वर्षं आहेत.

घरात तान्हा नातू,
म्हणून सून तिला बाहेर काढत असणार.
बरोबरच आहे तिचं.
तिच्या बाळाची काळजी
दोन मजले चढून माझ्या मुलीकडे येते.

बायको म्हणाली, पाठवून टाक.
वय कुणाचं बघायचं, श्वास कुणाचा?
तिचंही बरोबर होतं.
तरी ‘पाठवा’वर बोट टेकेना,
कारण नोटीस लिफ्टशेजारी लागते,
फ्लॅट नंबरासकट, लॅमिनेट करून.

रविवारी गेलो खाली.
चप्पल काढू की नको, अशा अवस्थेत दारातच बोललो.
ती सोडे निवडत बसली होती.
‘पोरीला तरास व्हतंय?
मंग मना सांगाचा व्हता.’
एवढंच. मान पुन्हा सुपात.
मी जिना चढून वर आलो,
लिफ्ट उभी असून.

चार रात्री काही नाही.
शर्वा सलग झोपली.
मी मात्र पावणेएकला जागा,
सवयीनं खाली वाकून
काळोखात काहीतरी शोधणारा.

पाचव्या दिवशी नोटीस.
फ्लॅट ९०२. बाल्कनीत धूम्रपान.
दंड रुपये पाचशे.
रहिवाशांच्या तक्रारीवरून.

कोण? आठवा मजला? दहावा?
तक्रारीची तारीख रविवारच्या आधीची होती,
पण तारखा कोण वाचतं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.
तिच्या हातात पिशवी, पिशवीत शेवग्याच्या शेंगा.
तिनं सांगायच्या आत मी नऊ दाबलं.
लाल दिवा लागला.
तिनं हात लांबवला,
पाटलीतली पिन बटणांच्या पत्र्यावर वाजली,
आणि लागलेलाच दिवा
तिनं पुन्हा दाबला.
स्वतः.

आजी, मी नाही, हे वाक्य
सातव्या मजल्यापर्यंत तयार होतं.
नवव्याला दार उघडलं.

फोनमध्ये मसुदा अजून आहे.
तोच माझा पुरावा: बघा, पाठवला नव्हता.
पण तिला वाचता येत नाही.
मलाच वाचून दाखवावा लागेल,
मोठ्यानं, तिच्या दारात,
‘इसम’ या शब्दासकट.