ळ तेवढा सांडला

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडतीचे अकराशे शेतकरी
जुन्या डेटाबेसातून वर्डमध्ये उतरवले,
तर ळ तेवढा वाटेत सांडला.

हळदीची हद झाली.
गुळाच्या रकान्यात जे उरलं
ते कोगनोळे शेठनी मोठ्यानं वाचलं,
हमालांनी पोती खाली टाकली.
शेठच्या स्वतःच्या आडनावात
एक मात्रा नुसतीच लोंबकळत होती.

गळाल्या जागी खूण नाही, रिकामी चौकटसुद्धा नाही.
मग एकेक नाव बोटाखाली,
रात्री नऊपर्यंत.

बागोंडा मगदूम, कसबे डिग्रज.
फोन लावला: बाळगोंडाच ना?

"आई होती तवर बाळ होतो," म्हणाला.
"आता कसंबी लिव्हा,
पट्टी तेवढी बरोबर काढा."