नंबर तोच आहे

ठाकूरद्वारला तळपदेंचं चष्म्याचं दुकान, बोळाएवढं.
अंतराला भिंत पुरायची नाही,
म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे, उलटा छापलेला,
आणि समोर आरसा.

तीन वर्षं मी तिथे काचा पुसल्या.
भिंगं बदलत ते विचारायचे, 'आता? की आधी बरं होतं?'
आणि उत्तराची वाट पाहायचे.
इतकी वाट कुणी कुणाची पाहिलेली
नंतर मी कुठेच बघितली नाही.

बहुतेकांना म्हणायचे, 'नंबर तोच आहे.
चष्मा धुवा. साबणाने. निघा.'
गल्ल्यात तपासणीचे दहा रुपये, कधी तेही नाहीत.
शेजारचा सावला हसायचा,
'साहेब, धंदा करता की देवपूजा?'
ते चिडत. 'देवाचा काय संबंध?
डोळा आहे तसा सांगितला.'

त्यांच्याकडे याला नाव नव्हतं. सवय होती,
बारीक स्क्रू बसवताना जीभ दातांत धरायची असते, तशी.

आता मी घाटकोपरच्या मॉलमध्ये.
वीस फूट मोकळी भिंत.
दर सोमवारी स्क्रीनवर आमची नावं, विक्रीच्या उतरत्या क्रमाने.
पाव नंबराचा फरक अपुऱ्या झोपेचाही असतो,
चहा न मिळाल्याचाही,
हे मला पक्कं माहीत आहे.
त्याच पाव नंबरांवर माझ्या मुलीची फी भरली गेली.
हे मी मान खाली घालून सांगत नाहीये.

शुक्रवारी असल्फ्याहून फरीदाबाई आल्या. जरीकाम करतात.
'सुई दिसते, पण दोरा हलतो.'
मी भिंग बदललं. 'आता? की आधी बरं होतं?'
त्या गप्प. मीही गप्प राहिलो.
मागे मॅनेजर दोनदा खाकरला.
'सारखंच वाटतंय,' त्या म्हणाल्या,
जणू चूक त्यांचीच.

पॅन्ट्रीतून भांड्यांचा साबण आणला.
नाकावरच्या पॅडखाली वर्षभराचा मळ,
आणि त्यात जरीचा एक कण, चमकत.
धुतला. पुसला. बिल केलं नाही.

संध्याकाळी एका कॉलेजच्या पोराला
नको असलेली महागडी काच विकली. सहज. हसत.
त्याने आभारही मानले.

उद्या सोमवार. यादी लागेल.
बघण्याआधी चष्मा धुवून घेईन.
साबणाने.